नेत्राणीला डायव्हिंग करायचंय, शार्क दिसला तर?

वडगावचा_पोरगा:
डिसेंबरात आम्ही चौघं मुर्डेश्वरला जायलोय, नेत्राणी बेटाजवळ स्कूबाचा प्लॅन हाय. पोहायला टँकात शिकलोय, समुद्राचा अनुभव म्हणजे गोव्यात गुडघाभर पाणी तेवढंच. आईला कुणीतरी सांगितलंय तिथं शार्क असतात म्हणून, आता रोज जेवताना तोच विषय. कुणी जाऊन आलंय काय? आणि रविवारी सकाळी डाइव्ह मारून रात्री बेळगावात घरात, सोमवारी ड्यूटी, असं जमेल काय?

अनगोळकर:
आईला सांग, मोरी म्हणजे शार्कच, ती आपण खातो, ती आपल्याला खात नाही 😀 नेत्राणीला दिसला तर नशीब समज. मला तीन खेपांत एकदाच दिसला, ब्लॅकटिप, परांच्या टोकाला काजळ लावल्यासारखा, आम्हाला बघून जो वळला तो गायबच. व्हाइटटिप मी लक्षद्वीपला बघितला, भर दुपारी कपारीत वाळूवर पडलेला, तोंड जरा उघडमीट करत. बऱ्याच शार्कना श्वासासाठी पोहत राहावं लागतं, हा पडल्या पडल्याच तोंडानं पाणी ओढून कल्ल्यांवरून सोडतो, शिकार रात्री. अशा कपारीच्या तोंडाशी आडवं थांबायचं नाही, त्याची वाट मोकळी ठेवायची, बस. बोटीला तासभर तरी लागतो, सकाळी पोटात इडल्या कमी घाल.

खानापूरची_आक्का:
ग्रे रीफ शार्कचं मात्र वेगळं हां. तो बिथरला की पाठीला बाक काढतो, छातीचे पर खाली पाडतो, नाक वर करून अख्खं अंग हेलकावत पोहतो. असं दिसलं की फोटोबिटो सोडायचं, त्याच्याकडं तोंड ठेवून सावकाश मागं सरायचं. पण तू पहिल्यांदाच जाणार, 12 मीटरच्या खाली तुला कुणी नेणार नाही.

तुझ्या प्लॅनमध्ये भीती शार्कची नाही रे, घाटाची आहे. बेळगाव सुमारे 750 मीटर उंचावर, डाइव्ह झाल्या झाल्या वर चढलास की हवेचा दाब कमी होतो आणि अंगात विरघळलेला नायट्रोजन बुडबुडे धरायला लागतो. एका डाइव्हनंतर निदान 12 तास, दोन-तीन मारल्या तर 18 तास खाली किनाऱ्यालाच राहायचं, विमानाला लावतात तोच हिशोब. आमचे हे एकदा ऐकले नाहीत, यल्लापूर येईपर्यंत खांदा ठणकायला लागला, आम्ही आपलं समजतोय टाकी उचलून दुखत असेल!

वडगावचा_पोरगा:
बाप रे, हे बुकिंगवाल्यानं सांगितलंच नाही की. मग शनिवारी डाइव्ह, रविवारी दुपारी जेवून निघतो. आईला शार्कचं सांगतो, घाटाचं नाही सांगत.