सेंट जॉन्स्टनचा 2020-21 मधला दुहेरी मुकुट: थोर पराक्रम की अपवादात्मक वर्षाची देणगी?

मध्यरेषा (धागाकर्ता)

2020-21 च्या हंगामात स्कॉटलंडमधल्या पर्थच्या सेंट जॉन्स्टन या फुटबॉल क्लबने देशाचे दोन्ही चषक जिंकले. 28 फेब्रुवारी 2021 रोजी ग्लासगोच्या हॅम्पडेन पार्कवर लिव्हिंगस्टनला 1-0 असे हरवून लीग कप आणि 22 मे रोजी त्याच मैदानावर हिबर्नियनला 1-0 असे हरवून स्कॉटिश कप. दोन्ही वेळा विजयी गोल शॉन रूनी या उजव्या बाजूच्या बचावपटूने डोक्याने केला. सेल्टिक आणि रेंजर्स हे ग्लासगोचे दोन बलाढ्य क्लब सोडून एखाद्या संघाने एकाच हंगामात हे दोन्ही चषक उचलल्याचे त्याआधीचे उदाहरण 1989-90 च्या ॲबरडीनचे आहे.

एकविसाव्या शतकात स्कॉटलंडमधल्या कोणत्याही क्लबने मिळवलेले हे सर्वात मोठे यश आहे, असे माझे मत आहे. 1884 मध्ये स्थापन झालेल्या या क्लबला पहिला मोठा चषक मिळायला 2014 साल उजाडले होते, आणि तो मिळवून देणारे प्रशिक्षक टॉमी राइट 2020 मध्ये पायउतार झाले होते. त्यांच्या जागी आलेल्या कॅलम डेव्हिडसन यांचा मुख्य प्रशिक्षक म्हणून हा पहिलाच हंगाम होता. जेसन केर, लियम गॉर्डन आणि जेमी मॅककार्ट या तिघांच्या बचावफळीवर त्यांनी सगळा डाव उभारला, आणि दोन्ही अंतिम सामन्यांत व लीग कपच्या उपांत्य सामन्यात या संघाने एकही गोल स्वीकारला नाही. पैशाचा जोर नसलेल्या संघाने शिस्तीच्या बळावर कुठवर जावे, याचे याहून चांगले उदाहरण मला दिसत नाही. तरीही अनेक जण या यशाला ‘करोनाच्या वर्षातला चषक’ म्हणून बाजूला सारतात. त्यामागची कारणे त्यांनी येथे सविस्तर मांडावीत, ही विनंती.

कोकणकडा

असहमत, आणि कारणे देतो.

पहिले कारण सोडतीचे. लीग कपच्या बाद फेऱ्यांत सेंट जॉन्स्टनसमोर अनुक्रमे मदरवेल, डन्फर्मलिन, हिबर्नियन आणि लिव्हिंगस्टन आले. त्यापैकी डन्फर्मलिन खालच्या श्रेणीतला संघ होता, आणि त्याच्याविरुद्धही 1-1 बरोबरीनंतर पेनल्टींवरच सुटका झाली. सेल्टिकशी तर या संघाची दोन्ही स्पर्धांत एकदाही गाठ पडली नाही. नोव्हेंबर 2020 मध्ये रॉस काउंटीने सेल्टिकला त्यांच्याच मैदानावर 2-0 असे हरवले आणि डिसेंबरात सेंट मिरनने रेंजर्सला 3-2 असे बाहेर काढले. म्हणजे वाटेतले दोन्ही डोंगर दुसऱ्यांनीच हलवले, आणि ज्यांनी ते हलवले त्यांच्या हाती शेवटी काही लागले नाही.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. त्या वर्षी स्टँड रिकामे होते. अंतिम सामन्यात हॅम्पडेनचा जो दबाव लहान संघांचे पाय जड करतो, तो दबाव त्या दोन्ही दिवशी नव्हताच. प्रेक्षकांशिवाय जिंकलेला सामना नियमाने पूर्ण असतो, हे मान्य, पण तो खेळाडूंची पूर्ण परीक्षा घेत नाही. पुढच्याच हंगामात हाच क्लब प्रीमियरशिपमध्ये, म्हणजे बारा संघांच्या सर्वोच्च श्रेणीत, अकरावा आला आणि इन्व्हर्नेसविरुद्धच्या प्ले-ऑफमुळे कसाबसा वरच्या श्रेणीत टिकला. पाया खरोखर भक्कम असता, तर एका वर्षात इतकी घसरण झाली असती का?

मध्यरेषा

रिकाम्या स्टँडचा मुद्दा उलट तपासून पाहा. त्याच रिकाम्या मैदानांवर रेंजर्सने लीगचे 38 सामने एकही पराभव न पत्करता पूर्ण केले. 32 विजय, 6 बरोबरी, 102 गुण आणि संपूर्ण मोसमात केवळ 13 गोल स्वीकारले. प्रेक्षक नसल्याने बलाढ्य संघ दुबळे झाले असते, तर हा विक्रम त्याच वर्षी का घडला? आणि स्कॉटिश कपच्या उपांत्यपूर्व फेरीत, 25 एप्रिल रोजी, सेंट जॉन्स्टनने याच रेंजर्सला आयब्रॉक्सवर, म्हणजे त्यांच्या घरी, गाठले होते. तो डोंगर दुसऱ्या कोणी हलवलेला नव्हता.

त्या सामन्याकडे जरा थांबून पाहायला हवे, कारण माझ्या दृष्टीने या वादाचा निकाल तिथेच लागतो. जादा वेळ संपत आला असताना रेंजर्सचा कर्णधार जेम्स टॅव्हर्निये याने गोल केला. सेंट जॉन्स्टनकडे मोजकी मिनिटे उरली होती. अगदी अखेरच्या क्षणी मिळालेल्या कॉर्नरसाठी गोलरक्षक झँडर क्लार्क स्वतःचे गोल मोकळे सोडून पुढे धावला, चेंडूला त्याने डोक्याने दिशा दिली आणि ख्रिस केनच्या स्पर्शाने तो जाळ्यात गेला. त्यानंतरच्या पेनल्टींत क्लार्कनेच टॅव्हर्निये आणि केमार रूफ यांचे फटके अडवले आणि 4-2 असा विजय मिळाला. एवढा ताण सोसून जिंकलेल्या संघाची पूर्ण परीक्षा झाली नाही, हे म्हणणे मला पटत नाही.

पुढच्या वर्षीच्या घसरणीचे एक साधे कारण आहे. ऑगस्ट 2021 च्या अखेरीस, खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची मुदत संपताना, कर्णधार केर आणि मधल्या फळीतला अली मॅककॅन हे दोघेही इंग्लंडमधल्या क्लबांकडे गेले. लहान क्लब यशस्वी झाला की त्याचे खेळाडू विकले जातात. तो दोष त्या यशाच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

शुक्रतारा

माझी निष्ठा हिबर्नियनकडे आहे, हे आधीच सांगते. 2015-16 चा हंगाम मी याहून वरचा मानते. हिबर्नियन तेव्हा दुसऱ्या श्रेणीत होते, तरीही दोन्ही चषकांच्या अंतिम सामन्यांत पोहोचले. लीग कप रॉस काउंटीने 2-1 असा नेला, पण मे 2016 मध्ये डेव्हिड ग्रेच्या भरपाई वेळेतल्या गोलाने रेंजर्सला 3-2 असे हरवून स्कॉटिश कप मिळाला. तो याआधी 1902 मध्ये मिळाला होता. 114 वर्षे जी गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या निसटत राहिली, तिचे मोल चषकांच्या संख्येवर ठरवता येणार नाही. त्या दिवशी हॅम्पडेन भरलेले होते, हेही कोकणकडा यांच्या मुद्द्याला धरून नोंदवते.

मध्यरेषा

शुक्रतारा, त्या प्रतीक्षेविषयी मनापासून आदर आहे. पण भावनेची खोली आणि कामगिरीची उंची मला वेगळी ठेवावीशी वाटते. 2016 चे रेंजर्स स्वतःही दुसऱ्याच श्रेणीत होते. 2012 ते 2016 या काळात ते वरच्या श्रेणीत नव्हते, आणि त्याच काळात सेंट मिरन, ॲबरडीन, सेंट जॉन्स्टन, इन्व्हर्नेस, रॉस काउंटी व हिबर्नियन अशा सहा क्लबांनी एकेक चषक जिंकला. 2021 मध्ये रेंजर्स परतले होतेच, शिवाय गेल्या कित्येक वर्षांत नव्हते इतके बलवान होते.

निळावंती

आपण सगळे अंतिम सामन्यांविषयीच बोलत आहात, म्हणून थोडी वेगळी बाजू मांडते. त्या वर्षीच्या स्पर्धेवर माझा आक्षेप सेंट जॉन्स्टनमुळे नाही. जानेवारी 2021 मध्ये खालच्या श्रेणींचे सामने आणि स्कॉटिश कप थांबवण्यात आले, पण प्रीमियरशिप चालू राहिली. मार्चमध्ये चषक पुन्हा सुरू झाला, तेव्हा हायलँड लीग या पाचव्या श्रेणीच्या लीगमधला ब्रोरा रेंजर्सचा संघ जानेवारीपासून एकही स्पर्धात्मक सामना खेळलेला नव्हता. त्याच संघाने 23 मार्च रोजी हार्ट्सला 2-1 असे हरवले! तीन महिन्यांपूर्वी, डिसेंबरात, हार्ट्स आधीच्या हंगामाच्या लांबलेल्या अंतिम सामन्यात सेल्टिकशी 3-3 बरोबरी करून पेनल्टींवर हरले होते. ज्या हंगामात काही क्लबांना सराव मिळाला आणि काहींना नाही, त्या हंगामाला ‘सर्वात मोठे यश’ हे मोजमाप लावताना हात आखडता घ्यावा, एवढेच माझे म्हणणे आहे. ब्रोराचा तो विजय मात्र मी दुहेरी मुकुटाच्या शेजारीच ठेवीन.

कोकणकडा

आयब्रॉक्सच्या सामन्याविषयीचे म्हणणे मान्य करतो. तो विजय निखळ होता, आणि माझ्या मूळ प्रतिसादात त्याचा उल्लेख यायला हवा होता. पण एका सामन्याने लीग कपच्या वाटेचा प्रश्न सुटत नाही. स्कॉटिश कप हा थोर विजय होता आणि लीग कप हा चांगल्या संघाला मिळालेली अनुकूल सोडत होती, असे दोन वेगळे निकाल मी देईन. धागाकर्ते त्या दोहोंची बेरीज करून शतकातले सर्वात मोठे यश ठरवतात, तिथे माझा विरोध कायम आहे.

मध्यरेषा

लीग कपच्या उपांत्य फेरीत त्यांनी ज्या हिबर्नियनला 3-0 असे हरवले, तो संघ त्या मोसमात लीगमध्ये तिसरा आला. अंतिम फेरीत ज्या लिव्हिंगस्टनला हरवले, त्यांनी उपांत्य सामन्यात रेंजर्सना बाहेर काढणाऱ्या सेंट मिरनलाच नमवले होते. याला अनुकूल सोडत म्हणायचे असेल तर म्हणावे, पण मग सेल्टिक किंवा रेंजर्स यांच्याशी गाठ न पडता जिंकलेला प्रत्येक चषक याच न्यायाने कमी लेखावा लागेल, आणि 2014 मध्ये डंडी युनायटेडला हरवून याच क्लबने जिंकलेला पहिला चषकही त्यातून सुटणार नाही. दोन्ही अंतिम सामने खेळलेला डेव्हिड वदरस्पून हा पर्थचाच मुलगा 2014 च्या त्या संघातही होता.