जिप्सीचे मागचे पाटे आणि चॅसीचा गंज : घरी किती काम करता येईल?

गुहागरकर :
नमस्कार. माझ्याकडे २००६ सालची मारुती जिप्सी आहे, म्हणजे १.३ लिटर एमपीएफआय इंजिनाची. घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असल्यामुळे गाडीला बारा महिने खारा वारा लागतो. सध्या ती मागून उजवीकडे झुकलेली दिसते, गतिरोधकावरून जाताना पाट्यांतून (चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगमधून) करकर आवाज येतो आणि मागच्या शॅकलजवळ (पाट्याचे टोक चॅसीला जोडणाऱ्या हलत्या कडीजवळ) चॅसीवरून, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावरून, गंजाचे पोपडे सुटू लागले आहेत. चारही चाकांचे पाटे नवीन घालून खालून काळे रबरी कोटिंग मारावे, असा सल्ला एका गॅरेजमध्ये मिळाला. माझ्याकडे जॅक, पान्यांचा संच आणि ग्राइंडर आहे, वेल्डिंगचे यंत्र मात्र नाही. पावसाळ्यापूर्वी यातले किती काम घरी करता येईल आणि सुरुवात कोठून करावी?

कमानपाटा :
खर्च करण्यापूर्वी मोजमाप घ्यावे, असे मी सुचवेन. गाडी सपाट जमिनीवर उभी करून, चाकांतील हवा सारखी करून, जमिनीपासून चॅसीपर्यंतची उंची दोन्ही बाजूंना एकाच जागी मोजा. मडगार्डपासून मोजू नका. जिप्सीची बॉडी चॅसीवर रबरी माउंटांच्या आधाराने बसवलेली असते आणि ती रबरे दबली, किंवा त्यांच्याखालचे ब्रॅकेट गंजून खचले, तर पाटे ठणठणीत असूनही गाडी एका बाजूला कललेली दिसते. करकर आवाजाचे कारणही बहुधा झिजलेले बुश (पाट्याच्या टोकांत बसणारी रबरी नळी) किंवा पाट्यांमध्ये अडकलेली वाळू हेच असते.

पाटे काढायचे ठरलेच, तर स्टँड चॅसीखाली लावा आणि ॲक्सलखाली दुसरा जॅक ठेवा, म्हणजे ॲक्सल हवा तसा वरखाली करता येतो. शॉकॲब्सॉर्बर सोडल्यावर ॲक्सल ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळणार नाही, याकडे लक्ष असू द्या. आपल्याकडे चिरे सहज मिळतात म्हणून गाडी जांभ्याच्या चिऱ्यांवर टेकवण्याची सवय अनेकांना आहे. जांभा दाबाखाली अचानक फुटतो, त्यामुळे चिऱ्यावर उभ्या केलेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये.

लोखंडी_माणूस :
पाट्यांविषयी वरील सल्ला योग्य आहे, पण माझ्या मते गंजाची तपासणी त्याही आधी व्हायला हवी, कारण शॅकलचा ब्रॅकेट ज्या पत्र्यावर उभा आहे तोच पोकळ झाला असेल तर नवीन पाटे कशावर बसवणार? जिप्सीची चॅसी पेटीसारखी बंद असल्याने चिखल आणि खारे पाणी आत साचते आणि ती आतून बाहेर गंजत येते. बाहेर पोपडे दिसू लागतात तेव्हा आतले बरेच लोखंड गेलेले असू शकते. टोकदार हातोडीने संपूर्ण चॅसी ठोकत जा : निरोगी भाग खणखणीत वाजतो, कुजलेला भाग बद्द आवाज करतो आणि कधीकधी टोक सरळ आत शिरते.

रबरी कोटिंगचा सल्ला मला मुळीच पटलेला नाही. गंजावर मारलेले कोटिंग काही काळाने सुटते, त्यामागे ओल धरून राहते आणि खालची झीज दिसेनाशी होते. त्याऐवजी पोपडे आणि सैल गंज तारेच्या ब्रशने व ग्राइंडरने पूर्ण काढा, उरलेल्या डागांवर फॉस्फोरिक आम्लाचे रस्ट कन्व्हर्टर लावा, ते पूर्ण वाळू द्या आणि मग इपॉक्सी प्रायमर व चॅसी पेंट मारा. हे सर्व कोरड्या हवेत करावे. दमट दिवशी प्रायमर नीट धरत नाही. चॅसीच्या तळाशी पाणी निघण्यासाठी असलेली छिद्रे तारेने मोकळी करा आणि रंग वाळल्यावर लांब नळीच्या पिचकारीने आत कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत गंज रोखणारे मेण) फवारा. एक मात्र जपा : चॅसी क्रमांक कोरलेल्या जागेवर ग्राइंडर चालवू नका. १५ वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण ५ वर्षांपुरते होते आणि त्या तपासणीत तो क्रमांक स्पष्ट वाचता आलाच पाहिजे.

गुहागरकर :
दोघांचेही आभार. मोजमाप घेतले. मडगार्डला ३० मिमी फरक दिसतो, पण चॅसीला जेमतेम ५ मिमी; उजवीकडचे मागचे बॉडी माउंट पार चेपलेले आहे. हातोडीचे टोक मागच्या उजव्या शॅकलच्या वरच्या बाजूला, साधारण हाताच्या तळव्याएवढ्या भागात, आत शिरले. बाकी चॅसी खणखणीत वाजते. आता काय करावे?

लोखंडी_माणूस :
तो भाग चॅसी जोडण्याचा अनुभव असलेल्या वेल्डरकडूनच करून घ्या. घरी शिकण्याचे हे काम नव्हे. कुजलेला पत्रा चांगले लोखंड लागेपर्यंत कापायला सांगा आणि ठिगळाला साध्या पोलादाची पट्टी वापरा. गॅल्व्हनाइज्ड पत्रा चालणार नाही, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने त्यातून जस्ताचा विषारी धूर निघतो. पेट्रोलची टाकी गाडीतून काढून दूर ठेवावी लागेल, आणि टाकी रिकामी आहे म्हणून तिला निरुपद्रवी समजू नका, आत राहिलेली वाफ अधिक धोकादायक असते. बॅटरीच्या तारा आणि ईसीयूचा (इंजिन नियंत्रित करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेटीचा) जोड सोडा आणि वेल्डिंगचा अर्थ क्लॅम्प कामाच्या अगदी जवळ लावायला सांगा.

कमानपाटा :
तर मग नवीन पाट्यांचा खर्च तूर्त टाळता येईल. वेल्डिंगसाठी पाटे उतरतीलच, तेव्हा ते सुटे करून मुख्य पाट्याला डोळ्याजवळ (टोकाच्या गोल वेटोळ्याजवळ) आणि सेंटर बोल्टच्या (पट्ट्या एकत्र धरणाऱ्या मधल्या बोल्टच्या) छिद्राभोवती तडा आहे का, ते पाहा. तडा असल्यास तो पाटा बदला, त्याला वेल्डिंग करू नका. महामार्गावरचे कमानवाले दबलेला पाटा थंडच ठोकून कमान चढवून देतात, पण ती कमान फार काळ टिकत नाही आणि ५ मिमीसाठी तो खटाटोप करू नये. बॉडी माउंटची आणि शॅकलची रबरे बदला. माउंट जोडीने बदलली तर उत्तम. यू-बोल्ट (पाटा ॲक्सलला आवळून धरणारे यू आकाराचे बोल्ट) जुने परत वापरू नका, ते ताणले गेलेले असतात.

जोडणी करताना शॅकलचे बोल्ट आधी हातानेच बसवा आणि गाडी चाकांवर उतरवून पूर्ण वजन पाट्यांवर आल्यावर आवळा. ॲक्सल लोंबकळत असताना आवळल्यास रबरी बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतात आणि लवकर फाटतात. काही दिवस गाडी चालवल्यावर यू-बोल्ट पुन्हा एकदा आवळून घ्या.