मदत हवी आहे : म्हाताऱ्या कुत्र्याची सांधेदुखी

नमस्कार. देवगडजवळच्या आमच्या घरचा मोती आता 12 वर्षांचा झाला असून, पावसाळा सुरू झाल्यापासून जांभ्याच्या तीन पायऱ्या चढून पडवीत येणेही त्याला जड जाऊ लागले आहे; सकाळी उठताना तो पुढचे पाय रोवतो आणि मागचे फरशीवर घसरत राहतात. काथ्याची पायपुसणी अंथरून पाहिली, पण तीच सरकतात. पशुवैद्यांनी संधिवाताचे निदान करून मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक औषध दिले आहे आणि वजन उतरवण्यास सांगितले आहे (तळलेली तुकडी त्याला आईच देते, हे मान्य). माणसांची आयबुप्रोफेन ही वेदनाशामक गोळी कुत्र्यांना विषारी ठरते, म्हणून ती देण्याचा शेजाऱ्यांचा सल्ला मानलेला नाही. मेलॉक्सिकॅम दीर्घकाळ चालू असताना मूत्रपिंड व यकृतासाठीच्या रक्ततपासण्या आपण किती महिन्यांनी करून घेता, आणि पाऊस सरल्यावर समुद्राच्या उथळ पाण्यात चालवल्याने कोणाच्या कुत्र्याला आराम पडला आहे का?