शेपूट फक्त बिस्किटासाठी हलत नाही
वर कोणीतरी लिहिलंय की सोसायटीतली कुत्री फक्त खाण्यापुरती ओळख ठेवतात, मला अजिबात नाही पटलं. २०१५ मध्ये जपानी संशोधकांनी 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात छापलंय की कुत्रा नि मालक बराच वेळ एकमेकांच्या डोळ्यात बघतात तेव्हा दोघांचंही ऑक्सिटोसिन, म्हणजे माया-जवळीकीशी जोडलेलं हार्मोन, वाढतं, माणसांनी वाढवलेल्या लांडग्यांत तसं दिसलं नाही. आमच्या इथे घोडबंदर रोडला वॉचमनकाका गावी गेले की काळू गेटपाशीच बसून राहतो, चिकन-भात समोर ठेवला तरी हुंगून मान फिरवतो आणि रिक्षा थांबली की लगेच कान टवकारतो. त्यामुळे प्लीज, नसबंदीला नेलेला कुत्रा परत त्याच जागी सोडतायत ना ते बघत जा, नियमच आहे तसा, ओळखीची माणसं तुटली की बिचारं पार बिथरतं.