गुरुंग शेजाऱ्यांच्या ल्होसारला जाताना काय न्यावं?

फार्नबरोची_सून:
आम्ही हॅम्पशायरमध्ये फार्नबरोला राहतो. शेजारी नेपाळी गुरुंग कुटुंब आहे, आजोबा ब्रिटिश गुरखा पलटणीतून निवृत्त. आजींनी तमु ल्होसारला, म्हणजे गुरुंगांच्या नववर्षाला, हॉलवर यायचं आमंत्रण दिलंय, सगळ्यांनी यायचं असं बजावून. वर्गणी किती म्हणून विचारलं तर नुसत्या हसल्या. पुरणपोळ्या करून आणते म्हटलं तर "किन?" (कशाला?) म्हणाल्या आणि विषयच बदलला.

मी शाकाहारी, नवरा सगळं खातो. रिकाम्या हातानं जाणं काही पटत नाही. दारूही असते म्हणे, मग मुलांना न्यावं का? शिवाय आजोबांचे धाकटे भाऊ गेल्या वर्षी वारले, त्यांचं "अर्घुं" उन्हाळ्यात आहे, त्यालाही या म्हणतायत. तीन दिवस असतं म्हणे, जेवणावळीसकट. मयताच्या कार्याला परक्या माणसानं जावं का? कोणाला अनुभव असेल तर सांगा.

गुरुंगांचा_जावई:
मी मूळचा कराडचा, बायको नेपाळातल्या लमजुंगची, राहायला ऑल्डरशॉट. तेव्हा अनुभव आहे, आणि भरपूर आहे.

लग्नानंतरच्या पहिल्या ल्होसारला नवं जॅकेट घालून गेलो. आपल्याकडे जावई म्हटला की पाट-रांगोळी, आणि अधिक महिना आला की तेहतीस अनारसे. इथे सासऱ्यांनी हातात सुरी दिली आणि लसणाची पिशवी दाखवली. या लोकांत कार्य कुठलंही असो, राबायचं जावयांनी. मटण कापणं, पाणी आणणं, वाढणं, शेवटी पातेली घासणं. ज्वाइँचेला म्हणतात आम्हाला. त्या दिवशी माझ्याबरोबर लसूण सोलायला एक बँकेतला मॅनेजर होता आणि एक दाताचा डॉक्टर, दोघेही जावईच. जॅकेट खुंटीला, आणि तिघांच्या हातांना दोन दिवस वास.

म्हणून पोळ्यांचं फारसं मनावर घेऊ नका. नेल्या तर आनंदानं खातील, पण आजींना त्यांची गरज नाहीये. तुम्ही दोन तास आधी जा आणि "काम द्या" म्हणा, घरच्या होऊन जाल. जमलं तर सेलरोटीच्या कढईपाशी थांबा. तांदूळ भिजवून वाटलेलं, तूप-साखर घातलेलं सरसरीत पीठ आजी मुठीतून धार सोडत तेलात गोल फिरवतात आणि टोकाला टोक मिळालं की लगेच काडीनं उलटतात. माझी कडी अजून मध्येच तुटते. तुटके तुकडे पोरं पळवतात, त्यामुळे वाया काही जात नाही.

पैशांचं: दाराशी टेबलावर वही असते. नाव आणि रक्कम लिहायची, मग मध्येच माईकवर नाव पुकारतात. लाजू नका आणि फार मोठा आकडाही लिहू नका, नाहीतर आजी ओशाळतील.

शाकाहाऱ्यांचे हाल होत नाहीत. डाळ, भात, गुंद्रुक (आंबवून वाळवलेला पाला, त्याचं सार) आणि बटाट्याचं तीळ-टिमुर घातलेलं अचार असतं. टिमुर म्हणजे आपल्या कोकणातल्या तिरफळाच्या भाऊबंदांपैकी. जिभेला मुंग्या येतात, मुलांना आधी सांगून ठेवा. दारू म्हणजे रक्सी, कोदोची, म्हणजे नाचणीची. घ्यायची नसेल तर पहिल्याच वेळी सरळ नाही म्हणा, कोणी रागावत नाही. पण एकदा प्याला हातात घेतलात की तो रिकामा दिसला रे दिसला की भरला. मुलं तर सगळ्यांचीच असतात, खुशाल न्या.

अर्घुंला जरूर जा. अंत्यसंस्कार आधीच झालेले असतात. हे कार्य घरच्यांना झेपेल तेव्हा करतात, कधी महिन्यांनी, कधी त्याहून उशिरा. मृताची "प्ल" म्हणजे प्रतिमा करून तिला त्यांचेच कपडे घालतात, पुढ्यात जेवण ठेवतात. पच्यू आणि क्लेप्री हे त्यांचे पुरोहित, काही घरांत लामा, रात्रभर पठण करून आत्म्याला पूर्वजांच्या देशी पोचवतात, वाटेतल्या एकेका जागेचं नाव घेत. आमच्या चुलतसासऱ्यांच्या वेळी हॉलवाल्यांनी आत धूप लावू दिला नाही, धुराच्या अलार्मची भीती. एका कोपऱ्यात बायका हुंदके देत होत्या, दुसऱ्या कोपऱ्यात पत्ते चालले होते, आणि आम्ही जावई वाढत होतो. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. न येणाऱ्याची मात्र आठवण ठेवतात.

तिथली म्हातारी मंडळी एवढ्या संख्येनं का, हेही सांगतो. १९९७ नंतर निवृत्त झालेल्या गुरख्यांना इथे राहायची मुभा २००४ मध्ये मिळाली, त्याआधीच्यांना २००९ मध्ये. माझे सासरे दुसऱ्या गटातले, सत्तरीत आले. इंग्रजी बेताचं, थंडी, दिवसभर घर. त्यांच्यासाठी तो हॉल म्हणजेच गाव.

आणि हो, नेटवर वाचून "चार जात, सोह्र जात" (गुरुंगांतले कुळांचे दोन गट) हा विषय चुकूनही काढू नका. श्रेष्ठ-कनिष्ठतेचा तो जुना वाद अजून मिटलेला नाही, सगळी संध्याकाळ त्यात जाईल.

माजी_गोरखा_अधिकारी:
नोकरी भारतीय सैन्याच्या गोरखा पलटणीत झाली. जावईबापूंचं बरोबर आहे, पण असं मिळून राबणं शेतातही असायचं. गुरुंग गावांत "नोगर" असायचं. तरुण पोरंपोरी टोळी करून पाळीपाळीनं एकमेकांच्या शेतात लावणी-कापणी करायची, अगदी आपल्या इर्जिकीसारखं, आणि शेवटी जेवण. तीच टोळी संध्याकाळी रोधीघरात गाणी म्हणायची. आमच्याकडे बड्या खान्याला, म्हणजे पलटणीच्या मोठ्या जेवणाला, मादल वाजायला लागला की शिस्तीतला सुभेदारसुद्धा ताल धरायचा. दशैंला (त्यांचा दसरा) जवान लुगडी नेसून मारुनी नाचायचे, आपल्या तमाशातल्या नाच्याची आठवण यायची.

सूनबाई, नाचायला ओढतील तेव्हा बसून राहू नका. पाय कसे पडतात ते कोणी बघत नाही. आजी-आजोबांना हात जोडून "छ्याजलो" म्हणा, खूश होतील.

फार्नबरोची_सून:
सगळ्यांचे आभार. काल आजींना "काम द्या" म्हटलं. त्यांनी लगेच फोन काढला, कोणाशी तरी नेपाळीत बोलल्या आणि मला सांगितलं, मुळा किसायला सकाळी नऊला. पोळ्या थोड्याच करीन, मुलांपुरत्या. एकच शंका उरली. नवऱ्यालाही काम सांगतील का? तो काही त्यांचा जावई नाही.

गुरुंगांचा_जावई:
आजी तुम्हाला "छोरी", म्हणजे लेक, म्हणतात का? म्हणत असतील तर झालाच तो जावई. जुना शर्ट घालून पाठवा, कांद्यांची बाजू माझ्याकडे आहे आणि माणसं कमी पडतायत.