कयाकच्या दोरीखाली ओली बोटं शिरत नाही, काय करावं?

पवनीकर:
भाऊ लोकहो, जुनी प्लास्टिकची कयाक (वल्ह्यानं चालवाची अरुंद नाव) घेतली, आत बसाची वाली, गोसीखुर्द धरणाच्या बॅकवॉटरले नेतो. समोर डेकवर, म्हणजे कयाकच्या वरच्या पाठीवर, फुल्लीसारखी रबरी बंजी आहे नि बाजूनं पातळ दोरी, पण इतकी ताणून बांधली की डेकले चिपकूनच बसते, उलटून पाण्यात पडलो नि पकडाले गेलं तर बोटं खाली शिरतच नाही. बंजी पकडली तर ते नुसती ताणत येते, कयाक तिथंच. दोरी ढिली करू का? दुपारून हवा सुटली की रिकामी कयाक हातातून जाईन असं वाटते.

डोंगावाला:
बंजी पकडासाठी नसतेच बाप्पा, बाटली-बिटली दाबून ठेवाची आहे ते. पकडाची दोरी न ताणणारी पाहिजे, ५-६ एमएमची पॉलिएस्टर घे. नायलॉन ओला झाला की ताणते. बाजारातली स्वस्त निळी-पिवळी प्लास्टिकची तरंगते खरी, पण आपल्या उन्हात कडक होऊन कुसं निघतात. ढिली मात्र अजिबात करू नको, बुडीत भागात झाडांचे खुंट आहेत, लोंबती दोरी त्यात अडकते नि कयाक उलटली तर पायही तिच्यातच. ताठ ठेव नि डेकपासून उचल, ठिबकच्या नळीचे तुकडे ओवून दे.

वैनगंगाकाठ:
ठिबकची १६ एमएमची नळी नको भाऊ, आतून लय मोकळी असते, दोरी तिच्या तळाशीच बसते, उचलल्यासारखी होतच नाही. भोक दोरीपेक्षा जरासंच मोठं पाहिजे. लाकडाचे जाड मणी ओव, नाहीतर जाळ्याचे लहान फ्लोट, ढिवर भावाले विचारशीन तर सांगन कुठं भेटते ते. दोरी जिथं हुकातून जाते त्याच्या दोन्ही बाजूनं एकेक टाक, तिथंच ते जास्त दबलेली असते. आणि एकच लांब दोरी पूर्ण गोल फिरवू नको, तुकड्या-तुकड्यात बांध, एक तुटली तर बाकीची ताठ राहते.
पुढच्या-मागच्या टोकाले दोरीचा फासा आहे का? त्यात बोटं घालून धरली नि लाटेनं कयाक गरकन फिरली तर बोटं पिळून निघतात. तिथं आडवी मूठ लाव.

पवनीकर:
फासाच आहे, बदलतो. पण एक हुक हलते, पॉप रिव्हेट (बाहेरूनच दाबून बसवाचा पोकळ खिळा) मारलेला दिसते.

डोंगावाला:
काढून टाक तो, प्लास्टिकमधून उपसून येते. स्टेनलेसचा बोल्ट, आतून रुंद वायसर नि नायलॉकवाला (आत नायलॉनचं कडं असलेला, ढिला न होणारा) नट, भोकाले सिलिकॉन. मंग कंबरभर पाण्यात उलटवून दोरीले लटकून पाह्य. लाइफ जॅकेट घालूनच, पोहता येत असलं तरी.

पवनीकर:
फ्लोटचं बरोबर आहे भाऊ, भोक मोजून घेतो. ठिबकची नळी कापून ठेवली होती, आता मिरचीतच लावतो.