मडगार्ड घासा, इंजिनला हात लावू नका

बांधावरचा:
बाबांची यामाहा आरएक्स १०० मोटारसायकल मागच्या महिन्यात गोठ्यातून बाहेर काढली. १९९२ची गाडी, सात वर्षं कुटाराच्या ढिगामागे उभी होती, बाजूला खताची पोती. पुढच्या मडगार्डवर भाकरीला पडतात तसे तपकिरी ठिपके. क्लच कव्हरवर पांढरी भुकटी, बोटानं उचलली तर मिठासारखी.

मडगार्डवरच्या क्रोमचं, म्हणजे चकचकीत मुलाम्याचं, काम सोपं निघालं. पोळ्या गुंडाळायचा फॉइल चुरगाळला, पाण्यात बुडवला आणि हलक्या हातानं घासत गेलो. काळपट चिखल सुटतो, तो जुन्या बनियननं पुसत राहायचं. फॉइल क्रोमपेक्षा मऊ, म्हणून ओरखडा पडत नाही. दुपारभरात मडगार्डमध्ये माझा चेहरा दिसायला लागला, जवळून पाहिलं तर सुईच्या टोकाएवढी भोकं तेवढी राहिली. क्रोम स्वतः गंजत नाही. त्याचा थर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो, खरी राखण त्याच्या खालचं निकेल करतं. निकेलला भोक पडलं की आतलं लोखंड तांबडं होऊन वर येतं. म्हणून घासल्यावर मेण लावायचंच, नाहीतर पहिल्याच पावसात ठिपके परत.

आता भांडणाचा मुद्दा. गावात हल्ली इंजिनचं कव्हर घासून आरसा करायचं खूळ आलंय. माझं म्हणणं, शेतात रोज जाणाऱ्या गाडीला ते करू नये. कंपनी त्या कव्हरवर पारदर्शक लॅकर मारते. आरसा करायचा तर आधी ते काढावं लागतं, म्हणजे आतलं ॲल्युमिनियम उघडं पडलं. आणि आपण त्याच गाडीवर पोटॅशचं पोतं आणतो. पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाचा सख्खा भाऊ. ॲल्युमिनियमला हवेत आपोआप साय धरते, म्हणजे ऑक्साइडचा पातळ थर; तीच त्याला वाचवते, आणि मीठ तीच साय फोडतं. मऊ ब्रश आणि साबणाचं पाणी, बस्स.

टूस्ट्रोक:
भाऊ, हे काही मले पटलं नाही. पोळ्याले आपण बैलाचे शिंगं साळतो, हिंगूळ लावतो, झूल टाकतो. दुसऱ्या दिवशी तो चिखलातच जाते ना? म्हणून कोणी शिंगं रंगवनं सोडलं काय? मी माह्या गाडीचे दोन्ही कव्हर केले. लॅकर रिमूव्हरनं उतरवलं, मंग पाणीपेपर, म्हणजे ओला करून घासाचा सँडपेपर, जाड्यापासून बारीक: ४००, ६००, ८००, १०००, १५००, २०००. दर नंबरले हात आडवा-उभा बदलवायचा, मागचे ओरखडे पुरे गेले का तेवढं पाहायचं. शेवटी मेटल पॉलिश. दोन दिवस गेले, पण लोक थांबून पाहतात. आन गुळगुळीत धातूवर चिखल धरत नाही, हे तू सांगितलंच नाही.

बांधावरचा:
गुळगुळीत पृष्ठभागावर घाण कमी धरते, हे मान्य. पण शिंग वाढतं रे, कव्हर वाढत नाही. दर वर्षी ४०० नंबरपासून सुरुवात केलीस तर कव्हरवरची उठावाची अक्षरं किती वर्षं टिकतील?

टूस्ट्रोक:
दर वर्षी ४०० कोण लावते बापा. एकदा लावला. आता पंधरा दिवसातून एक हात पॉलिशचा, दहा मिनिटं. तू दहा मिनिटं चहाच्या टपरीवर घालवत नाही काय?

पऱ्हाटी:
एवढी मेहनत कायले? संडास धुवाचं ॲसिड घ्या, ब्रशनं लावा, पाच मिनिटात गंज साफ. आमच्या इथले मिस्तरी असंच करतात.

बांधावरचा:
हे वाचून कोणी करू नका, मी करून बसलोय. कॉलेजात असताना हँडलला लावलं होतं. गंज गेला, खरंय. हातात हँडल नव्यासारखं. दुसऱ्या दिवशी उन्हात पाहिलं तर निळसर पांढरी चमक जाऊन पिवळट झाक आलेली. ते निकेल होतं. संडास धुवायच्या पाण्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, त्यानं वरचं क्रोम खाऊन टाकलं. बाबांनी काही विचारलं नाही, नुसतं हँडलवरून बोट फिरवलं. तेच पाणी ॲल्युमिनियमवर सांडलं तर फेस येतो, कव्हर करडं पडतं आणि ते करडं मग पॉलिशनं जात नाही.

आंबटचुका:
आधी शीर्षकाखालचं वाचून हसू आलं. आमच्याकडे गंज म्हणजे वरण शिजवायचं पातेलं, आणि इथं सगळे भाऊ 'गंज काढा, गंज काढा' करतायत. बरं, मला गाडीतलं कळत नाही, जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, भांडं कळतं. जर्मनच्या गंजात नुसतं विहिरीचं पाणी उकळलं की आतून काळा पडतो. धुण्याचा सोडा लावला तर आणखी. आणि त्यातच आंबट चुक्याची भाजी शिजवली की आतून लखलखीत निघतो. तुमचं इंजिन जर्मनचंच आहे ना? मग चिंचेचं पाणी लावून पाहा, पेपर कशाला घासता?

बांधावरचा:
ताई, एवढ्या सगळ्यांत तुम्हीच नेमकं बोललात. आंबटानं वरची साय विरघळते, सोड्यानं धातू खाल्ला जाऊन काळा पडतो. लॅकर उडालेल्या जागी चिंचेचा पातळ कोळ दोन मिनिटं लावून भरपूर पाण्यानं धुतला तर चालेल. वाळू द्यायचा नाही. खोल खड्डे त्यानं जात नाहीत, पांढरी भुकटी जाते. आणि राखेनं घासू नका, राखही सोड्याच्याच जातीची.

नागपुरी पान्हा:
तुम्ही सगळे मलमपट्टी करताय. फॉइलनं गंज जातो, भोक जात नाही. जुलैत मडगार्ड पुन्हा तांबडा होणार. नागपूरला नेऊन रीक्रोम करा, म्हणजे क्रोमचा मुलामा नव्यानं चढवून घ्या, एकदाच.

बांधावरचा:
रीक्रोम करणारा आधी जुना थर उतरवतो आणि मग बफिंग व्हीलवर दाबून घासतो. पातळ पत्र्याचा मडगार्ड, कडा बोथट होतात, आत खड्डे असतील तर आरपार जातात. भोकं तांब्यानं भरून मग निकेल, मग क्रोम, असं नीट करणारा भेटला तर ठीक. नाहीतर खड्ड्यावरच चमक चढवून देतात आणि तुम्ही म्हणता तसं जुलैत तांबडं होतंच, वर पैसेही गेलेले. पार सोलून निघालेला मडगार्ड असेल तर तुमचं बरोबर. माझा ठिपक्यांचा आहे.

पऱ्हाटी:
मेण नाही घरी. जवसाचं तेल चालन काय? बैलबंडीले लावतो आम्ही.

बांधावरचा:
बंडीच्या लाकडाला उत्तम. जवसाचं तेल वाळून कातडं धरतं, म्हणून लाकडाला चालतं. मडगार्डवर ते पिवळं पडतं, वाळेपर्यंत त्यात धुरळा बसतो, आणि सायलेन्सरवर तर जळून चिकटा होतो. त्यापेक्षा इंजिन ऑइलचं फडकं फिरव, सायलेन्सर सोडून. सायलेन्सरच्या बेंडाला निळं-पिवळं झालेलं गंज समजून घासत बसू नको, ती उष्णतेची झाक असते.

टूस्ट्रोक:
एक गोष्ट सर्वांसाठी. गाडी मेन स्टँडवर चालू ठेवून, गिअरमधी टाकून, फिरत्या चाकाले फडकं लावून रिम पुसू नका. आमच्या गल्लीत एकाचं फडकं चेनमधी गेलं, संगं बोटाचं पेरं गेलं. हातानं फिरवा, वेळ लागू द्या.

नागपुरी पान्हा:
याला दुजोरा. बाकी मी रीक्रोमवर ठाम.

टूस्ट्रोक:
बांधावरच्या भाऊ, तुह्या म्हणण्याची परीक्षा करू. माह्या दुसऱ्या गाडीचं डावं कव्हर पॉलिश करतो, उजवं नुसतं धुतो. खताचे पोते दोन्हीकडून सारखे बांधतो. दसऱ्याले फोटो टाकतो.

बांधावरचा:
डावीकडे चेन आहे, तेल तिकडंच उडतं. पॉलिश टिकलं तर ते तेलामुळं टिकलं म्हणायचं की तुझ्या हातामुळं? उजव्याच कव्हरचा अर्धा भाग घास, अर्धा ठेव.

टूस्ट्रोक:
अर्धं घासलेलं कव्हर घेऊन मी सासरवाडीले जाऊ काय?